जॅझचे शिक्षण : आधी बंदी, मग पदवी

आमच्या वसाहतीत कोणाला अर्ज लिहून हवा असला, दाखल्याचा फॉर्म भरून हवा असला की तो माझ्याकडे येतो. कारकुनाच्या हाताला तेवढे तरी वळण असते. गेल्या पावसाळ्यात महापालिकेतून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ असेच आले. हातात मुलाने संगणकावरून काढून दिलेले चार कागद. मुलगा बारावी झाला आहे, वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत बँडबरोबर कीबोर्ड वाजवतो. त्याला अमेरिकेच्या विद्यापीठात ‘जॅझ कंपोझिशन’ हा विषय घेऊन पदवी करायची आहे. वडिलांचा प्रश्न साधा होता. म्हणाले, “भाऊ, गावकीची कामं सोडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं. माझ्या आज्यानं हलगी खाली ठेवली, म्हणून मी चार बुकं शिकलो. आता हा एवढ्या लांब शिकायला जाणार, तो वाजवायलाच?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बी.कॉम. माणूस. संगीतातले मला एवढेच कळते की गायनपार्टीतला पेटीवाला चुकला की गायक त्याच्याकडे रागाने पाहतो. पण काकांना कोरडे पाठवणे बरे वाटेना. म्हणून पुढचे दोन महिने कचेरी सुटल्यावर वाचले, ज्यांना कळते त्यांना विचारले. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी, न्यू ऑर्लिअन्स या बंदराच्या शहरात ते आकाराला आले. मळ्यातली श्रमगीते, चर्चमधली भजने, ब्लूजची गाणी, लष्करी बँडची वाद्ये या साऱ्यांचे ते मिश्रण. त्यात वादक जागच्या जागी नवे सुचवत जातो, हे आपल्याकडच्या मैफलीशी जुळणारे. परंतु पाच-सात वाद्ये एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवतात आणि तरीही त्यांचा मेळ बसतो, हे आपल्या मैफलीत नसलेले. तो मेळ कोणी तरी आधी योजावा लागतो. ती योजना करणे म्हणजे कंपोझिशन.

आता या संगीताला त्यांच्याच देशातील विद्यालयांनी कसे वागवले ते पाहू. पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवणाऱ्या अनेक संस्थांत सरावाच्या खोलीतसुद्धा जॅझ वाजवायला मनाई असे. ते दारूच्या गुत्त्यातले, हलक्या लोकांचे, शिकवण्याजोगे नाही, ही त्यामागची समजूत. गोऱ्यांनी असे म्हणावे यात नवल नाही. मला नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठ हे कृष्णवर्णीयांचे मानाचे विद्यापीठ. तेथेही जॅझला मज्जाव होता. आपली मुले सभ्य समाजात बसावीत, त्यांनी बाख-बीथोवेन शिकावे, त्या गल्लीतल्या वाजवण्याशी त्यांचा संबंध नसावा, असे तेथील वडीलधाऱ्यांना वाटे. सॅक्सोफोनवादक आणि पुढे नामवंत रचनाकार झालेले बेनी गोल्सन १९४७ साली तेथे दाखल झाले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. म्हणजे आमच्या काकांचा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये पाऊणशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, आणि विचारणारे आपल्या लेकरांचे हितच पाहत होते.

त्याच १९४७ साली टेक्सास राज्यातील डेंटन गावच्या शिक्षक-महाविद्यालयाने (आजचे नॉर्थ टेक्सास विद्यापीठ) जॅझमधील पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. देशातला पहिला. पण ‘जॅझ’ हा शब्द पदवीच्या कागदावर नको, म्हणून नाव दिले ‘डान्स बँड’. आणि गंमत पाहा, गंमत कसली म्हणा, त्या महाविद्यालयात त्या वेळी पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. न्यायालयात दावा झाला, डिसेंबर १९५५ मध्ये निकाल लागला, तेव्हा कुठे १९५६ साली दार उघडले. ज्यांनी हे संगीत निर्माण केले त्यांना ते शिकण्याची पदवी नऊ वर्षे नाकारलेली. आपल्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको.

खाटेवर मांडलेली शिडी

मग हे कृष्णवर्णीय रचनाकार शिकले कोठे? याचे उत्तर शोधताना मला जॉर्ज रसेल हा माणूस सापडला आणि मी त्यातच रमलो.

रसेलचा जन्म १९२३ चा, ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरातला. दत्तक मुलगा, दत्तक वडील रेल्वेत आचारी, आई परिचारिका. विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती मिळाली, तेथल्या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवी. महायुद्ध सुरू झाले, भरतीची वैद्यकीय तपासणी झाली आणि क्षयरोग निघाला. रुग्णालयात पडून असताना तेथील एका सहरुग्णाने त्याला स्वररचनेचे प्राथमिक धडे दिले. बरा झाल्यावर तो बेनी कार्टर यांच्या बँडमध्ये ड्रमवर बसला. पण त्याच्या जागी मॅक्स रोच आला. रोचचे वाजवणे ऐकून रसेलने ओळखले की ड्रम हे आपले काम नव्हे, आपण लिहायचे.

तो न्यूयॉर्कला आला. तेथे तरुण माइल्स डेव्हिसशी मैत्री झाली. तुझे ध्येय काय, असे त्याने एकदा माइल्सला विचारले. माइल्स म्हणाला, सगळे कॉर्ड शिकायचे. रसेल बुचकळ्यात पडला, कारण माइल्सला सगळे कॉर्ड येतच होते. म्हणजे याला म्हणायचे तरी काय आहे? हा प्रश्न डोक्यात घेऊनच तो १९४५ साली पुन्हा क्षयाने रुग्णालयात दाखल झाला, ब्राँक्स भागात, आणि सोळा महिने तेथेच पडून राहिला. क्षयावरचे औषध तेव्हा नुकते कोठे सापडत होते. पडून राहणे हाच उपचार. त्या खाटेवर त्याने जो सिद्धांत मांडला त्याला ‘लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट’ म्हणतात. नाव ऐकून मीही घाबरलो होतो. पण पेटी वाजवणाऱ्या एका मित्राने पाच मिनिटांत समजावले, ते असे.

‘सा’पासून पंचमाने वर चढत जा. सा चा पंचम ‘प’. प चा पंचम ‘रे’. रे चा ‘ध’, ध चा ‘ग’, ग चा ‘नि’. आणि नि चा पंचम? तो शुद्ध मध्यम नव्हे, तीव्र मध्यम. हे सात स्वर ओळीने लावा : सा रे ग, तीव्र म, प ध नि. हा तर आपला कल्याण थाट, यमनचे स्वर! पाश्चात्त्य भाषेत त्यालाच लिडियन म्हणतात. पाश्चात्त्य शाळेत मूळ मानतात ती बिलावलसारखी, शुद्ध मध्यमाची स्वरपंक्ती. रसेलचे म्हणणे असे की शुद्ध मध्यम घेतला की पंचमाच्या शिडीची तळची पायरी ‘सा’ राहत नाही, ‘म’ होते. घराचा मालकच बदलतो. म्हणून ‘सा’च्या कॉर्डशी खरे एकरूप स्वर तीव्र मध्यमाचे. या एका जागेपासून सुरुवात करून कोणत्या कॉर्डवर कोणते स्वर किती जवळचे, किती लांबचे, याचा त्याने नकाशा काढला. लांबचे स्वर त्याने वर्ज्य केले नाहीत. बाराही स्वर वापरता येतात, फक्त आपण घरापासून किती दूर आलो हे ठाऊक असावे.

हे पुस्तकरूपाने १९५३ साली निघाले. कॉर्डमागून कॉर्ड धावत जाण्याऐवजी एकाच स्वरपंक्तीवर ठाण मांडून वाजवण्याची जी पद्धत माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीने जगभर नेली, तिच्या मुळाशी या विचाराचा मोठा वाटा मानतात. अमेरिकेच्या जॅझ जगतातून निघालेला हा पहिला मोठा सैद्धांतिक ग्रंथ. तो कोणत्या विद्यापीठात लिहिला गेला? क्षयाच्या खाटेवर.

दरम्यान रसेलने लिहिणे सोडले नव्हते. १९४७ च्या सप्टेंबरात डिझी गिलेस्पीच्या बँडने कार्नेगी हॉलमध्ये त्याची ‘क्युबानो बी, क्युबानो बॉप’ ही रचना वाजवली. १९५७ साली ब्रँडाइस विद्यापीठाने सहा रचनाकारांना नव्या कृती लिहायला सांगितल्या, तीन जॅझमधले, तीन अभिजात परंपरेतले. रसेलने लिहिली ‘ऑल अबाउट रोझी’. तिचे बीज कोठले, तर अलाबामातील कृष्णवर्णीय मुलांच्या खेळातल्या गाण्याचे. आपल्याकडे मुली फुगडी, झिम्मा खेळताना गातात तसे. त्या छोट्याशा तुकड्याला फिरवून, ताणून, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे देत त्याने तीन भागांची मोठी रचना उभी केली. जॅझ कंपोझिशनच्या वरच्या वर्गात ही कृती आजही अभ्यासण्याजोगी मानतात.

पण पोटाचे काय? अमेरिकेत निभाव लागेना तेव्हा १९६४ साली तो स्कँडिनेव्हियात गेला व पाच वर्षे तिकडे राहिला. शेवटी १९६९ साली बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचे अध्यक्ष गुंथर शुलर यांनी जॅझ विभाग काढला आणि रसेलला शिकवायला बोलावले. २००४ पर्यंत पस्तीस वर्षे तो तेथे शिकवत होता. २००९ साली बॉस्टनमध्येच वारला. ज्या प्रकारच्या संस्थेत जॅझ वाजवणाऱ्याला बाहेर काढत, त्याच प्रकारच्या संस्थेत त्याचा खाटेवरचा सिद्धांत अभ्यासक्रम झाला.

उभी आणि आडवी बेरीज

काकांच्या मुलाला मी विचारले, “चार वर्षे शिकवतात तरी काय?” त्याने एक छापील स्कोअर दाखवला. तो पाहून मला आमच्या कचेरीतला मोठा तक्ता आठवला, ज्याची उभी बेरीज आणि आडवी बेरीज दोन्ही जुळावी लागते. जॅझच्या मोठ्या बँडमध्ये साधारण सतरा जण : पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. प्रत्येकाची एक ओळ. आडवे वाचले की प्रत्येकाला आपापली चाल मिळाली पाहिजे. उभे वाचले की त्या क्षणी सतरा जणांचा मिळून एक अर्थपूर्ण नाद झाला पाहिजे. नवशिका उभी बेरीज जुळवतो आणि आडवी विसरतो. मग तिसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याच्या वाट्याला दिवसभर निरर्थक उड्या येतात. बॉस्टनच्या बर्क्ली विद्यालयात हर्ब पोमरॉय यांनी १९५५ ते १९९५ अशी चाळीस वर्षे शिकवले. त्यांचा गाजलेला वर्ग होता ‘लाइन रायटिंग’, म्हणजे नेमकी ही आडवी बेरीज. ड्यूक एलिंग्टनच्या रचनांवरही त्यांचा वेगळा वर्ग असे.

दुसरी अडचण वाद्यांच्या पट्टीची. पेटीवाले ‘काळी दोन’, ‘पांढरी एक’ म्हणतात, त्या भाषेत सांगतो. ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याने कागदावर लिहिलेली पांढरी एक वाजवली की ऐकू येते काळी दोन. ट्रम्पेटवाल्याने तीच वाजवली की ऐकू येते काळी पाच. त्यामुळे सगळ्यांनी एकच स्वर काढावा असे वाटत असेल तर प्रत्येकाच्या कागदावर वेगळा स्वर लिहावा लागतो. रुपये, डॉलर, पौंड यांचा हिशेब एकाच वहीत ठेवावा तसे. आता संगणक हे रूपांतर आपोआप करून देतो. तरी कान संगणकाला नसतो. (ज्या ‘फिनाले’ नावाच्या प्रणालीवर विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या लिहायला शिकल्या, तिचा विकास २०२४ साली कंपनीने थांबवला आणि प्राध्यापकांना नवी प्रणाली शिकावी लागली. कचेरीत आमचेही असेच होते.)

तिसरी गोष्ट स्वर मांडण्याची. समजा सा, ग, प, नि हे चार स्वर चार सॅक्सोफोनना द्यायचे आहेत. ते जवळजवळ ठेवले तर नाद घट्ट आणि टोकदार येतो. वरून दुसरा स्वर, म्हणजे ‘प’, एक सप्तक खाली टाकला की तोच कॉर्ड मोकळा आणि भरदार होतो. स्वर तेच, माणसे तीच, फक्त बसण्याची जागा बदलली. वरच्या वर्गात हे अशा टोकाला नेतात की एका चालीवर वीस प्रकारे स्वर मांडून दाखवा म्हणतात. एलिंग्टनने १९३० मध्येच ‘मूड इंडिगो’ या रचनेत रूढ क्रम उलटा केला : क्लॅरिनेट एरवी वर असते, ती त्याने सर्वांत खाली खर्जात टाकली, वर आवाज दाबलेला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. त्यातून निघालेला नाद ऐकून पुष्कळांना ही वाद्ये कोणती हेच ओळखू येत नसे.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटली. स्कोअरमध्ये मध्येच बत्तीस मात्रागट कोरे सोडलेले असतात. नुसत्या तिरप्या रेघा आणि वर कॉर्डची नावे. तेथे एक वादक उभा राहून आपल्या मनाचे वाजवणार. रचनाकाराने आधीचे असे लिहायचे की त्या वादकाला बोलावेसे वाटेल, आणि नंतरचे असे की त्याने काहीही वाजवले तरी सांधा दिसणार नाही. दुसऱ्याच्या बोलण्यासाठी जागा ठेवून आपले भाषण लिहायचे. आमच्या सभांतील किती वक्त्यांना हे जमेल, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

हे कागदावर कळत नाही, म्हणून विद्यापीठाची खरी किंमत तेथील बँडमध्ये आहे. विद्यार्थी आठवडाभर लिहितो आणि मग सतरा वादक ते वाजवून दाखवतात. ट्रम्पेटला फार वेळ उंचावर ठेवले तर ओठ थकतात. ट्रॉम्बोनची नळी हाताने पुढे-मागे सरकवावी लागते. तारसप्तक-मंद्रसप्तक सोडाच, शेजारचे दोन खालचे स्वरही कधी कधी नळीच्या दोन टोकांना असतात, ते भरभर मागितले तर वादक हसतो. असे हसे झाल्याशिवाय ही विद्या येत नाही, असे म्हणतात. घरी बसून पुस्तके मिळतील, संगणकही मिळेल. सतरा माणसे दर आठवड्याला कोण आणून देणार?

ज्यांना पदवी नव्हती त्यांनी पदव्या दिल्या

भगिनींसाठी एक नाव आवर्जून सांगतो, मेरी लू विल्यम्स. जन्म १९१० चा, बालपण पिट्सबर्गचे. विद्यापीठाचे शिक्षण नाही. विशीतच अँडी कर्कच्या बँडसाठी पियानो वाजवू लागली आणि रचनाही लिहू लागली, जेव्हा बाईने बँडमध्ये गावे, लिहू नये असा रिवाज होता. बारा राशींवर बारा तुकडे लिहिलेली तिची ‘झोडियाक स्वीट’ ही कृती १९४५ ची. उतारवयात, १९७७ मध्ये, ड्यूक विद्यापीठाने तिला निवासी कलाकार म्हणून बोलावले आणि १९८१ मध्ये मरण येईपर्यंत ती तेथे शिकवत राहिली. हे तेच विद्यापीठ, ज्याने पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रथम घेतले ते १९६३ साली. आज तेथील कृष्णवर्णीय संस्कृतीच्या केंद्राला तिचे नाव आहे.

आणि डेव्हिड बेकर. इंडियाना विद्यापीठाचा पदवीधर, द्विपदवीधर, उत्तम ट्रॉम्बोनवादक. १९५५ च्या सुमारास मिझुरी राज्यातील लिंकन विद्यापीठात नोकरी लागली. त्याने एका गोऱ्या गायिकेशी शिकागोला जाऊन लग्न केले. मिझुरीत असा विवाह कायद्याने गुन्हा होता. धमक्या आल्या, नोकरी सोडावी लागली. (असे कायदे साऱ्या देशातून रद्द ठरले ते १९६७ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.) त्यात मोटार अपघातात जबड्याला झालेली इजा बळावली आणि ट्रॉम्बोन सुटले. माणसाने करावे काय? त्याने तिशीत चेलो हातात घेतला आणि लिहिणे, शिकवणे हेच आयुष्य केले. १९५९ च्या उन्हाळ्यात तो रसेलच्या हाताखाली शिकला होता. १९६६ साली तो इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला, तेथे जॅझचा पदवी अभ्यासक्रम उभा केला आणि विभागप्रमुख म्हणून कित्येक दशके चालवला. ओठांवर, कानांवर चाललेली विद्या त्याने डझनावारी पुस्तकांत पायरी-पायरीने मांडली. आज कोणत्याही देशातला विद्यार्थी जॅझ शिकू लागला की बेकरची पुस्तके त्याच्या वाटेत येतातच. २०१६ साली तो वारला.

बाहेरच्या देशातून शिकायला गेलेल्यांत तोशिको अकियोशी या जपानी बाईंचे उदाहरण आपल्या मुलाने लक्षात ठेवावे. १९५६ साली शिष्यवृत्तीवर बर्क्लीत गेल्या. १९७४ मध्ये एलिंग्टन वारला, तेव्हा तो आपल्या वंशाचा अभिमान संगीतात कसा आणत असे हे त्यांच्या वाचनात आले. जपानी म्हणून आपण काय आणले, असा प्रश्न त्यांना पडला. त्याच साली त्यांच्या बँडच्या ‘कोगुन’ या रचनेत जपानी नो नाट्यातले त्सुझुमी नावाचे तालवाद्य ऐकू आले. पुढची मरिया श्नायडर ही अमेरिकन रचनाकार ईस्टमन विद्यालयातून १९८५ साली द्विपदवीधर झाली आणि नंतर गिल इव्हान्सची मदतनीस म्हणून राहून शिकली. म्हणजे पदवी झाल्यावरही गुरू सुटत नाही.

सगळेच विद्यापीठाच्या आशेवर बसले नाहीत. शिकागोत १९६५ साली कृष्णवर्णीय वादकांनी आपली संघटना काढली, एएसीएम. तिचा दंडक असा की मैफलीत स्वतःच्या रचना वाजवायच्या. १९६७ पासून त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी शनिवारी विनामूल्य शाळा चालवली. मुहाल रिचर्ड एब्राम्स तेथे कंपोझिशन शिकवत, तेही शिलिंगर नावाच्या रशियन गणिती संगीतज्ञाची जाडजूड पुस्तके स्वतःच वाचून. मजा अशी की बर्क्ली विद्यालयसुद्धा १९४५ साली ‘शिलिंगर हाउस’ याच नावाने सुरू झाले होते. एकच पुस्तक, एक शाळा शुल्काची आणि एक शनिवारची. त्या शिकागोच्या संघटनेत घडलेला ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस २००४ साली कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि तेथे डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना कंपोझिशन शिकवू लागला. कोलंबिया म्हणजे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जेथे शिकले तेच विद्यापीठ. हे मी काकांना सांगितले तेव्हा ते प्रथमच हसले.

आक्षेप

या शिक्षणावर आक्षेपही आहेत आणि ते खोडून काढता येतीलच असे नाही. सर्व विद्यार्थी तेच धडे, त्याच मांडण्या शिकतात, त्यामुळे सगळ्यांचे लिहिणे एकाच साच्यातले निघते, अशी जुन्या वादकांची तक्रार आहे. क्लबांतून रात्रभर वाजवत जे शिकणे होई ते क्लब बरेचसे बंद पडले, आणि पदव्या मात्र वाढल्या. शुल्क इतके आहे की ज्या वस्त्यांतून हे संगीत निघाले त्या वस्त्यांतील मुलाला कर्ज काढल्याशिवाय ते परवडत नाही. स्त्रियांचा प्रश्न तर इतका साचलेला होता की २०१८ साली ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांनी बर्क्लीतच जॅझ आणि लिंगभाव-न्याय यांसाठी स्वतंत्र संस्था काढली.

मानसन्मानाचेही तेच. १९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत समितीने एलिंग्टनचा विशेष गौरव करावा अशी शिफारस केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली. दोन सदस्यांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा सहासष्टाव्या वर्षात होता. १९९९ साली, मरणानंतर पंचवीस वर्षांनी, तो गौरव त्याला दिला. त्याचे हस्तलिखित कागद आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. रचना शिकणारे विद्यार्थी तेथे जाऊन ते पाहतात. वादकांच्या सुट्या कागदांवर ‘ट्रम्पेट क्रमांक एक’ असे न लिहिता तो पुष्कळदा वादकाचेच नाव लिहीत असे, कारण त्याने ती ओळ वाद्यासाठी नव्हे, त्या माणसाच्या फुंकरीसाठी लिहिलेली असे.

आता आपल्या मुलाकडे येतो. त्याचा कान तयार आहे, हात चालतो. अडते ते लिपीशी. त्याला स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. मुंबईत ही लिपी कोणाकडे होती, तर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांकडे, कारण तेथील चर्चच्या शाळांत मुलांना ती शिकवत. म्हणूनच हॉटेलांतले जॅझ बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यमेळ त्यांच्या हाती होते : चाल गुणगुणणारा संगीतकार वेगळा आणि ती चाळीस वादकांसाठी कागदावर उतरवणारा गोवेकर वेगळा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे. ‘अमर अकबर अँथनी’ मधले १९७७ चे गाणे त्यांच्या नावावरून आहे. ते स्वतः १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर तिकडे गेले होते. आमच्या गायनपार्ट्यांत शेकडो चाली बांधल्या गेल्या, पण ज्यांनी बांधल्या त्यांच्या हातचा स्वरलिपीचा एक कागद मला दोन महिन्यांत पाहायला मिळाला नाही. कॅसेटी आहेत, त्याही फितीला बुरशी लागलेल्या.

काकांना मी सगळे सांगितले. रसेलची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागली, कारण त्यांच्या थोरल्या भावाला क्षय झाला होता. हलगीबद्दल मी काही बोललो नाही. ते त्यांचे आणि त्यांच्या आज्याचे आहे. ते इतकेच म्हणाले, “लिहायला शिकणार असेल तर जाऊ दे.” पैशांचे अद्याप काही जुळलेले नाही. तीन ठिकाणी अर्ज टाकायचे ठरले आहे, शिष्यवृत्तीचे वेगळे. प्रवेशासाठी वाजवून दाखवावे लागते, लिपी वाचावी लागते, म्हणून मुलगा आता आठवड्यातून दोनदा लोकलने जाऊन एका गोवेकर मास्तरांकडे शिकतो. उजव्या हाताची चावी झाली, डाव्या हाताची चालू आहे. परवा त्याने जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका चालीवर चार वाद्यांसाठी आठ ओळी लिहून आणल्या. मला वाचता येईना. त्याने वाजवून दाखवल्या. ट्रम्पेटवाला अजून मिळालेला नाही, तेवढी ओळ तोंडाने गायला.